आधी उंबरठा, मग रंग

पत्र: "ताई, मामा गेले त्याला वर्ष झालं. त्यांची १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आता माझ्याकडे आली आहे. शेवटची चालली तेव्हा मी शाळेत होतो. गेली १९ वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. टायर बसलेत, स्पोकची चाकं गंजलीत, टपाचं कापड फाटलंय, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. इंजिन फिरतं की जाम झालंय, माहीत नाही. बाहेरून पत्रा मात्र ठीक वाटतो. माझ्या डोक्यात चित्र पक्कं आहे: मॅट काळा रंग, रुंद चाकं, त्यासाठी मडगार्ड कापून फुगवायचे, रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स, बकेट सीट. चार बोल्टची चाकं आणि सीट घेऊनही झाली. मित्र म्हणतो, येत्या रविवारपासून सुरू करू, दोन दिवसांत सगळी गाडी सुटी करतो. ७४ वर्षांच्या मामी म्हणतात, 'तुला हवं ते कर, फक्त मला एकदा तिच्यातून चक्कर मारून आण.' बहिणीचं म्हणणं, मामांची गाडी आहे तशीच ठेव, जमत नसेल तर विकून टाक. मामांची एक वही सापडली. त्यात गाडीच्या बारीकसारीक कामाची नोंद आहे. शेवटची नोंद अशी: 'ओव्हरड्राइव्ह मधेच सुटतो. वायर बघणे.' सुरुवात कुठून करू? आणि हे सगळं बदलणं चूक आहे का?"

भाचेबुवा, सस्नेह नमस्कार.

पत्र वाचून आधी धास्ती घेतली ती तुमच्या रविवारची. दोन दिवसांत गाडी सुटी होते, हे मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं. पाने बरे असले तर दीड दिवसातही होते. जोडायला किती लागतात ते त्याने सांगितलं का? अर्धवट राहिलेल्या जुन्या गाड्या विकायला निघतात, तेव्हा जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: 'सर्व सुटे भाग खोक्यांत सोबत मिळतील.' त्या खोक्यांमागे असाच कुणाचा तरी एक रविवार असतो. कुठला बोल्ट कुठून निघाला हे आपल्याला चांगलं आठवेल असं त्या दिवशी वाटतं, आणि महिन्याभराने तोच बोल्ट हातात घेऊन आपण भिंतीकडे बघत बसतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बदल करणं चूक नाही. पण आधी गाडी आहे त्या रूपात चालती करा, भरवशाची करा, मामींना फिरवून आणा आणि एक मोसम स्वतः चालवा. मग यादी काढायला बसा. आज तुम्ही ज्या गाडीचे एवढे बेत आखताय, ती तुम्ही एकदाही चालवलेली नाही. स्टिअरिंग हाताला कसं लागतं, गुडघे कुठे अडतात, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून सुमारे ९५ हॉर्सपॉवर किती वाटतात, यातलं काहीच ठाऊक नाही. मग इंजिन कमी पडतंय हे ठरवलं कशावरून? शिवाय तुमचा आराखडा, सगळं सुरळीत झालं तरी, तीन-चार वर्षांचा आहे. मामींची चक्कर त्याच्या शेवटी ठेवू नका.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. एमजीबी १९६२ साली आली आणि इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे वॉशरपासून बॉनेटपर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तर १९८८ पासून मूळ साच्यांवर या गाडीची अख्खी बॉडी पुन्हा काढायला घेतली. सुट्या भागांसाठी तुम्ही अडणार नाही. अडलात तर गंजापायी अडाल.

म्हणूनच 'बाहेरून पत्रा ठीक वाटतो' हे तुमचं वाक्य मला टोचलं. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडी हीच चासी. त्यातून ही उघडी. बंद गाडीत छप्पर आणि खांब जो भार वाटून घेतात, तो इथे सगळा खाली येतो: मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि दोन्ही दारांखालून जाणाऱ्या लांब पेट्या. त्या पेटीला सिल म्हणतात. मी उंबरठा म्हणते, कारण तो ओलांडूनच आत बसायचं असतं. बाहेरून दिसतो तो तिचा मुखवटा. त्याच्यामागे एक उभा पत्रा, त्यामागे आतली सिल, तळाला कॅसल रेल नावाची पट्टी, असे थर आहेत. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या पोटात, दाराच्या बिजागरीच्या जरा पुढे साचतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. तिथून गंज पेटीत शिरतो आणि आतून बाहेर खात येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं राज्य खालसा झालेलं असतं. वर कुणी तरी जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून, लांबी (पुट्टी) भरून, घासून रंग मारलेला असला, की बघणारा म्हणतो, पत्रा ठीक आहे.

याची परीक्षा अर्ध्या तासाची आहे. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असू दे. दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला मोजा. आकडे लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. आता त्या बाजूच्या जॅक लावायच्या जागेखाली लाकडाचा जाड तुकडा धरून, चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकंच उचला. गाडीखाली कुणीही जायचं नाही. फट पुन्हा मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालून जाईल. डोळ्यांना दिसेल इतकी फट बदलली, किंवा दार उघडताना घासायला लागलं, तर उंबरठ्यात जीव राहिलेला नाही. जॅक पत्र्यातच घुसला, तर निकाल तिथेच लागला.

मग एक छोटा स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने सिलवर टकटक करत पुढून मागे जा. चांगला पत्रा टणटणतो. लांबी भरलेल्या जागी आवाज भद्द येतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबकही फिरवा, लांबीवर ते पकड सोडतं. सीटच्या मागे जमिनीतलं झाकण उचला. तुमच्या गाडीला तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, एकेका बाजूला एक. बॅटरीचं ॲसिड आणि वरून गळणारं पाणी यांनी ते खण बहुधा चाळणी झालेले असतात. दाराच्या पुढच्या तिकोनी काचेखाली पत्र्याला बारीक उभी चीर दिसली, तर दचकू नका. तो या गाड्यांचा जन्मजात व्रण आहे.

हे इतकं घोळवून सांगतेय, कारण माझा हात पोळलेला आहे. माझी पहिली जुनी गाडीही अशीच उघड्या टपाची होती. सिल गेल्या होत्या हे कळत होतं. मी काय केलं, तर गाडी पुढून-मागून स्टँडवर चढवली, दारं काढून बाजूला ठेवली आणि एकाच दिवशी दोन्ही बाजूंच्या सिल ग्राइंडरने उडवल्या. नव्या सिल बसवल्या, वेल्डिंगचे टाके इतके सुबक आले की स्वतःवरच खूश होते. प्रायमर मारला. मग दार लावायला गेले, तर दाराचा वरचा कोपरा मागच्या पत्र्यावर खट्‌कन आपटला. खाली बोट जाईल एवढी फट, वर कागद सरकेना. दोन्ही उंबरठे एकदम गेल्यावर गाडी आपल्याच वजनाने मधोमध खचली होती, आणि त्या खचलेल्या अवस्थेतच मी तिला वेल्ड करून कायमची करून टाकली होती. सगळं पुन्हा कापावं लागलं.

म्हणून सांगते: कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी आधार पक्का करायचा. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा आधी वेल्डिंगच्या दोन-चार टाक्यांवर धरायचा, दार लटकवून फट बघायची, आणि ती जुळली तरच पूर्ण वेल्डिंग. हे नवशिक्याचं काम नाही. तुम्ही पाने चालवा, वायरी जोडा, सीट शिवा, पण उंबरठा मात्र उघड्या गाड्यांच्या सिल केलेल्या वेल्डरकडे द्या, आणि तो आधार लावतो का ते आधी विचारा. 'कशाला आधार, इतकी वर्षं करतोय' म्हणाला, तर चहा प्या आणि निघा.

आता इंजिन. किल्ली फिरवून बघायचा मोह होईल. फिरवू नका. १९ वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरात स्टार्टरने जोर लावला, की पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या जागी ओरखडे पाडतात. चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकात पातळ तेल दोन-तीन चमचे सोडा. चार दिवस विसरून जा, मग पुन्हा थोडं सोडा. नंतर क्रँकच्या पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हाताने हलवा. जोर काढायचा नाही. जरा पुढे, जरा मागे. पुढे-मागे करतच अडकलेलं इंजिन सुटतं. हलायला लागलं की वरचं रॉकर कव्हर काढा, एकाने पाना फिरवायचा आणि दुसऱ्याने आठही व्हॉल्व्हकडे टक लावून बघायचं. प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर आलाच पाहिजे. एखादा खालीच राहिला, तर तिथेच थांबा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर इंजिन चालवलं तर पुशरॉड वाकतो.

सगळे आठ हालले, की जुनं तेल आणि फिल्टर बदला, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर मारा आणि तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत दम धरा. काटा उठला, की अर्धी लढाई जिंकली. मग चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले तर इंजिन उघडायची घाई नको.

टाकीतलं पेट्रोल पेट्रोल राहिलेलं नसेल. त्याला व्हार्निशचा वास येईल. टाकी उतरवून धुवा किंवा नवी घ्या. पेट्रोलच्या रबरी नळ्या झाडून सगळ्या बदला, आणि इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या, कारण आजच्या पेट्रोलातलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करून चिरा पाडतं. इंजिन पुढे कधी उघडलंच, तर हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला व्हॉल्व्हच्या कडक केलेल्या सीट, म्हणजे बैठका, बसवून घ्या. त्या काळच्या पेट्रोलात शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीला जपायचं. आता ते नाही.

तुमच्या गाडीला दोन एसयू कार्बोरेटर असतील. हे मला फार आवडणारं यंत्र. बूट विकणाऱ्या स्किनर घराण्यातल्या भावांनी ते काढलं आणि सुरुवातीच्या नमुन्यात चक्क चामड्याचा भाता होता! वरचं छोटं झाकण फिरवून काढा, आतला पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. खाली टेकताना स्पष्ट 'टक्‌' असा आवाज आला पाहिजे. मुकाट्याने, रेंगाळत खाली आला, तर आत मळ बसलाय किंवा सुई घासतेय. साफ करून झालं की वरून पातळ तेल घालायला विसरू नका. ते तेल नसलं की गाडी पायाखाली अडखळते आणि माणसं उगाच पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा छोटा स्विच) आणि प्लग बदलत बसतात.

ब्रेकच्या बाबतीत मी वाद घालत नाही. मास्टर सिलिंडर, चाकाचे सिलिंडर, पुढचे कॅलिपर, रबरी होस, सगळं नवं किंवा नव्याने बांधलेलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि १९ वर्षांत त्याने आतल्या आत गंज केलेला असतो. रबरी होसचा एक छुपा कावा सांगते: बाहेरून धडधाकट दिसणारा होस आतून फुगून बुजतो. ब्रेक दाबला की दाब चाकापर्यंत जातो, सोडला की परत येत नाही, आणि चाक तापतं. मागचे ड्रम उघडताना आतल्या धुळीवर फुंकर मारू नका, हवेचा पाइप तर अजिबात नको. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या. टायर कसे दिसतात हे बघूच नका, सरळ फेका. नवे टायर घेतानाही कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला.

वायरिंग पाहून घाबरायला होतं, पण त्या गोंधळाला भाषा आहे. तपकिरी वायर कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर. हिरवी, किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, पण फ्यूजमधून. निळी हेडलाइटची, तांबडी बारीक दिव्यांची, काळी अर्थिंगची. एवढं पाठ केलंत की निम्मे दोष टेस्टर हातात न घेता सापडतील. उरलेल्यांतले बहुतेक अर्थिंगचे निघतात: काळी वायर जिथे बॉडीला टेकते तो बोल्ट काढा, खालचा पत्रा घासून चकचकीत करा, परत आवळा. आणि जाड तपकिरी वायरींना फ्यूज नाही हे ध्यानात ठेवा. बॅटरीची तार सोडल्याशिवाय तिथे बोट घालायचं नाही.

आता तुमच्या चित्राकडे येऊ. गाड्या बदलणं हा काही आपल्या पिढीने केलेला गुन्हा नाही, खुद्द कारखान्यानेच केलं. १९७३ ते १९७६ मध्ये एमजीबी जीटीमध्ये रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ बसवून २५९१ गाड्या विकल्या. इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जुन्या ओतीव लोखंडाच्या चार सिलिंडरवाल्याच्या तुलनेत नाकावर भार फारसा वाढला नाही. कल्पना तुमची अजिबात वेडगळ नाही. पण बघा, त्या सगळ्या बंद टपाच्या होत्या. १३७ हॉर्सपॉवरचा पीळ छपराची बॉडी सोसते. तुमच्या १९७१ च्या उघड्या बॉडीत तेच घालायचं, तर आतल्या मडगार्डांत आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ पत्रा कापून-ठोकून जागा करावी लागते, शिवाय ब्रेक, रेडिएटर, मागचा ॲक्सल यांचाही विचार आला. आणि उंबरठा किडका असेल तर या सगळ्याला काही अर्थच नाही.

मी बदलांची वाटणी एकाच प्रश्नावर करते: एका शनिवारी परत मूळ रूपात नेता येईल का? पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जरूर करा, जुने पॉइंट डब्यात ठेवा. हेडलाइटला रिले, म्हणजे मोठा करंट स्वतः सोसणारा विजेवर चालणारा स्विच, लावा. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून जातो, रिले लावल्यावर उजेडात पडणारा फरक तुम्हाला पहिल्याच रात्री दिसेल. तीन टोकांचे सीटबेल्ट तर हवेतच. मागच्या जुन्या लिव्हर शॉकअब्सॉर्बरऐवजी टेलिस्कोपिक लावायचे किट मिळते, तेही मूळ बोल्टांवर बसणारं घ्या. बकेट सीट मूळ भोकांवर बसत असतील तर बसवा, जमिनीला नवी भोकं पाडू नका. मडगार्ड कापणं मात्र या यादीत कुठेच बसत नाही. पत्रा एकदा कापला की मागे फिरायचा रस्ता बंद.

जुन्या वाहनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, तिने २०१२ साली तुरीनमध्ये एक सनद स्वीकारली. त्यातही जवळपास हेच आहे: केलेले बदल मागे घेता येण्यासारखे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत. मला त्यातलं दुसरं कलम जास्त मोलाचं वाटतं, कारण लोक तिथेच चुकतात. जुनं कार्बोरेटर 'काय करायचंय' म्हणून भंगारात देतात. देऊ नका.

घेऊन ठेवलेल्या चाकांबद्दल वाईट बातमी आहे. तुमच्या गाडीला स्पोकची चाकं आहेत, म्हणजे हबला चार बोल्ट नाहीतच. दातेरी स्प्लाइन आहेत आणि मध्ये एकच मोठा नट. चार बोल्टची चाकं तिच्यावर चढणार नाहीत. हब बदलता येतात, पण स्पोकच्या गाड्यांचा मागचा ॲक्सलच अरुंद असतो, त्यामुळे तिथून पुढे एकातून एक कामं निघत जातात. ती चाकं विकून टाका. त्याऐवजी एक स्पोकचं चाक काढून हबच्या दात्यांवर बोट फिरवा. दात्याचा माथा सपाट असेल तर ठीक, धारदार टोकेरी झाला असेल तर हब आणि चाक दोन्ही बदलायची वेळ झाली.

रंगाबद्दल मी फार बोलणार नाही, ती ज्याची त्याची आवड. मॅट काळ्यावर बोटांचे ठसे फार उठतात एवढं सांगते. उंबरठ्याचं काम निघालं तर खालचा रंग तसाही करावा लागेल. त्याआधी कार्पेटखाली किंवा हीटरच्या मागे बघा, कारखान्याचा मूळ रंग तिथे सापडतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे चासी नंबर कळवला तर गाडी कधी बनली, कुठल्या रंगात बनली याचा दाखलाही मिळतो. तो रंग बघून मन बदललं तर बदललं. नाही बदललं, तर मूळ रंग मारून वरून काळी फिल्म चढवा. बहिणीशी तडजोड म्हणूनही हे सोपं जाईल, खाली मामांचा रंग आणि वर तुमचा. विकायचंच ठरलं, तरी चालती गाडी विकणं आणि खोकी विकणं यात किती फरक आहे हे तिलाही पटेल.

राहिला पाच गिअरचा गिअरबॉक्स. तुम्ही वहीतली शेवटची ओळ मला लिहून पाठवलीत, पण तिचा अर्थ लावला नाहीत असं दिसतं. मामांच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे! सगळ्या एमजीबींना नसायचा तो, त्या काळी वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये एक स्विच दाबला की चालतो, आणि चौथ्यात इंजिनाचे फेरे जवळपास १८ टक्क्यांनी खाली येतात. ज्या कामासाठी तुम्हाला पाचवा गिअर हवाय, ते काम करणारी वस्तू तुमच्याकडे १९७१ पासून पडून आहे. मधेच सुटतो म्हणजे मोडला असं मुळीच नाही. त्याला वेगळं तेल नसतं, गिअरबॉक्सचंच तेल लागतं, आणि ते कमी झालं की तो असाच सोडतो. आधी पातळी बघा. ती बरोबर असेल तर गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच आहे, जो फक्त वरच्या दोन गिअरमध्ये करंट जाऊ देतो. त्याच्या दोन वायरींची टोकं हलवून बघा. सैल असतात, हिरवट पडलेली असतात. मामांचा संशय वायरवर होता, आणि वहीत इतकं लिहून ठेवणाऱ्या माणसाचा संशय मी खरा धरून चालते.

तेव्हा मित्राला रविवारी बोलवाच. पाने घरी ठेवून ये म्हणावं. येताना एक जॅक, एक टॉर्च आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी घेऊन ये. मोजलेल्या दोन्ही बाजूंच्या फटींचे आकडे मला कळवा.